पाच बोटांचं वाक्य : दहावीच्या इंग्रजी लेखनाची आणि उताऱ्याची तयारी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कुलात मी २२ वर्षं इंग्रजी शिकवते. आमच्याकडे मराठी पहिली भाषा, इंग्रजी दुसरी आणि कन्नड तिसरी. मूल घरात मराठी बोलतं, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड बोलतं, आणि इंग्रजी त्याच्या कानावर पडते ती माझ्या तासालाच. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, याच इंग्रजीचा ८० गुणांचा लेखी पेपर असतो, वरचे २० अंतर्गत. धडे-कविता मुलं कशीबशी पार करतात. अडतात ती स्वतः लिहायच्या प्रश्नांना आणि न शिकवलेल्या उताऱ्याला.

काही वर्षांपूर्वी पूर्वपरीक्षेचे पेपर घरी आणून तपासत बसले होते. निबंधाचा विषय होता ग्रंथालयाचा उपयोग. पाच-सहा पेपर झाले आणि लक्षात आलं की सगळे एकच निबंध लिहिताहेत. मी वर्गात वर्तमानपत्रावरचा निबंध पाठ करून घेतला होता. मुलांनी त्यातलं ‘न्यूजपेपर’ काढून तिथे ‘लायब्ररी’ घातलं होतं. म्हणून लायब्ररी रोज सकाळी दारात येत होती आणि तिच्यात सोन्या-चांदीचे भाव छापलेले होते. मुलांना काय बोलणार? जे मी दिलं तेच त्यांनी मला परत केलं होतं.

त्याच गठ्ठ्यात जांबोटी भागातल्या एका मुलाचा पेपर होता. पाठांतर घेतलं त्या आठवड्यात तो भाताच्या सुगीला घरी राहिला होता. त्यानं पाच मोडकी वाक्यं लिहिली होती. गावात लायब्ररी नाही. शाळेत एक कपाट आहे. चावी बाईंकडे असते. शनिवारी मी पुस्तक नेतो. आजोबांना वाचून दाखवतो. क्रियापदं चुकलेली, स्पेलिंगं चुकलेली, पण विषयाला धरून लिहिणारा अख्ख्या वर्गात तो एकटाच. त्या रात्री मी पाठांतराचे निबंध बंद केले. पुढे लिहिते आहे ते त्यानंतरच्या वर्षांत वर्गात वापरून, चुकून, पुन्हा जुळवून हाताशी आलेलं आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या सोबत्यांना आणि आई-वडिलांना उपयोगी पडावं म्हणून सविस्तर सांगते.

बोटांवरचं वाक्य

आमच्या मुलांना सुचत नाही, हे खरं नाही. विचारलं की सांगतात, “बाई, सुचतंय, पण इंग्लिशात बसंना.” न बसण्याचं मूळ शब्दांच्या क्रमात आहे.

डावा हात पुढे करायला सांगा. अंगठा म्हणजे कोण. तर्जनी म्हणजे क्रिया. मधलं बोट म्हणजे काय. अनामिका म्हणजे कुठे. करंगळी म्हणजे कधी. आता अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सरळ जायचं : माय मदर – सेल्स – व्हेजिटेबल्स – इन द मार्केट – एव्हरी मॉर्निंग. इंग्रजी वाक्य तयार.

मग तेच मराठीत म्हणायला लावा : माझी आई रोज सकाळी बाजारात भाजी विकते. अंगठा पहिला आला, आणि नंतर? करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. म्हणजे अंगठा सोडला तर मराठी वाक्य हातावर उलटं चालतं. हे पहिल्यांदा दाखवलं त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलंसुद्धा बोटं मोजत बसली होती. कन्नडमध्येही क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे आपल्या मुलांना दोन्ही भाषा एकाच दिशेला ओढतात. ‘माय फादर इन द फील्ड वर्क्स’ असं लिहिणारं मूल मठ्ठ नसतं. त्याच्या दोन्ही भाषांचा रिवाज ते इमानानं पाळत असतं. त्याला एवढंच सांगायचं, की इंग्रजीत अंगठ्यानंतर लगेच तर्जनी.

प्रत्येक वाक्यात पाचही बोटं नसतात. पण अंगठा आणि तर्जनी लागतातच. मुलांना मी सांगते, या दोन बोटांशिवाय चिमूट होत नाही, आणि चिमटीशिवाय इंग्रजी वाक्य उचलता येत नाही. मराठीत आपण ‘काल बेळगावला गेलो’ म्हणतो. कोण गेलं ते ‘गेलो’मध्येच कळतं. म्हणून मूल ‘यस्टर्डे वेन्ट टू बेळगाव’ लिहितं, अंगठा विसरतं. ‘ही माझी शाळा’ या वाक्यात क्रियापद दिसतच नाही, आणि कन्नडमधल्या ‘इदु नम्म शाले’मध्येही नाही. मग ‘धिस माय स्कूल’ येतं, तर्जनी गायब. पावसाचं तर विचारूच नका. कणकुंबीकडची मुलं पावसाबद्दल इतकं सांगतात, आणि लिहिताना ‘रेनिंग व्हेरी मच’ लिहून मोकळी होतात. करणारं कोणी नसलं तरी इंग्रजीला अंगठा लागतो, आणि तिथे ‘इट’ ठेवायचं : इट इज रेनिंग.

पहिले तीन आठवडे मी दुसरं काही करत नाही. व्याकरणाची नावं नाहीत, काळांचे तक्ते नाहीत. फक्त बोटं. वर्गात येताना हात वर करून एक वाक्य म्हणायचं आणि मग बसायचं.

पाच वाक्यांची वही

जूनमध्ये प्रत्येकाकडून एक १०० पानी वही घेते. तासाची पहिली १० मिनिटं या वहीची. फळ्यावर निबंधाचा विषय लिहायचा नाही, एक साधा प्रश्न लिहायचा. शाळेला येताना वाटेत काय दिसलं? काल रात्री घरात शेवटी कोण झोपलं? तुमच्या घरी भात कुठलं लावलं? गणपतीला कोण कोण आलं होतं? आजीचा हात कशासारखा आहे? पाच वाक्यं लिहायची, प्रत्येक वाक्य सात-आठ शब्दांच्या आत. सहावं सुचलं तर बक्षीस म्हणून लिहू द्यायचं.

शब्द अडला तर मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून खाली रेघ मारायची आणि पुढे जायचं, थांबायचं नाही. तास संपल्यावर रेघा मारलेले शब्द गोळा करून मी फळ्याच्या कोपऱ्यात त्यांची इंग्रजी नावं लिहिते. अशानं आमच्या फळ्यावर विळा, गोठा, रोप, मळणी, काजूचं बोंड, कौल यांचे शब्द येतात. खानापूरच्या कुंभारकामातल्या घरची एक मुलगी होती. तिला चाक, माती, भट्टी, तडा एवढे चार शब्द इंग्रजीत मिळाले आणि तिनं पाचाऐवजी ११ वाक्यं लिहिली. येळ्ळूर-कडोलीकडच्या मुलांना भाताचे आणि भाजीचे शब्द लागतील, शहापूर-वडगावच्या मुलांना मागाचे आणि साडीचे, निपाणीकडच्यांना तंबाखूचे आणि उसाचे. शब्द पाठ करायला द्यायचे तर आधी हे द्या. मूल त्यांच्यावर रोज काही ना काही लिहू शकतं, म्हणून ते विसरत नाही.

या वहीला गुण द्यायचे नाहीत, हे मी कटाक्षानं पाळते. गुण आले की शेजारच्या वहीत डोकावणं सुरू होतं. आठवड्यातून एकदा वह्या घरी नेते आणि प्रत्येकीच्या खाली एक प्रश्न लिहिते : ‘मग म्हशीचं काय झालं?’ सोमवारी त्याचं उत्तर वहीत असतं.

चूक एका वेळी एक

सुरुवातीला मी सगळी वही लाल करून देत होते. मुलं ती उघडतही नसत. आता एका आठवड्यात एकच चूक धरते, आणि बाकीच्यांकडे बघूनही न बघितल्यासारखं करते. त्या आठवड्याची चूक फळ्यावर लिहिलेली असते, त्यामुळे मुलं एकमेकांच्या वह्यांत तीच शोधतात.

आपल्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात, आणि बहुतेकींचं मूळ मराठीत सापडतं. तिथूनच समजावलं की लवकर सुटतात. ‘माय फादर आर अ फार्मर’ हे घ्या. मूल वडिलांना मान देतं, ‘माझे वडील शेतकरी आहेत’ म्हणतं, कन्नडमध्ये ‘अप्पा मनेयल्लि इद्दारे’ म्हणतानाही मानाचं अनेकवचनच वापरतं. त्याला सांगायचं, मान तुझ्या मनात राहू दे, इंग्रजी फक्त डोकी मोजते. एक डोकं, ‘इज’. आई, बाबा, सर, मुख्यमंत्री, सगळ्यांना ‘इज’.

‘शी गो’ आणि ‘ही प्ले’ ही दुसरी मोठी चूक. मी विचारते, मी जाते, तू जातेस, तो जातो, ते जातात, इतके बदल तुम्ही न शिकता करता ना? इंग्रजीत चालू वर्तमानाशिवायच्या साध्या सवयीच्या वाक्यात एकाच ठिकाणी बदल आहे, अंगठा ‘ही’, ‘शी’ किंवा ‘इट’ असला की तर्जनीला ‘एस’ची अंगठी घालायची. मराठीपेक्षा हे सोपंच आहे, आणि मुलांना ते पटतं.

‘अ’ आणि ‘द’ कुठे घालायचे याचे नियम मी फार सांगत नाही. आजीची गोष्ट आठवायला लावते. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्या भेटीत ‘एक’, दुसऱ्या भेटीत ‘त्या’. पहिल्या भेटीत ‘अ किंग’, ओळख झाली की ‘द किंग’. एवढ्यावर निम्म्या जागा बरोबर भरतात. पहिल्या भेटीला ‘वन किंग’ लिहायची सवय मात्र मोडावी लागते.

‘डिड नॉट वेन्ट’ मध्ये भूतकाळ दोनदा लागतो. ‘डिड’नं तो एकदा उचलला, आता क्रियापदानं पुन्हा उचलायचा नाही. ‘आय अ‍ॅम नोइंग’ आणि ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ ही ‘माहीत आहे’ आणि ‘दोन भाऊ आहेत’ यांतल्या ‘आहे’ची करामत. नदीला ‘शी’ आणि आंब्याला ‘ही’ लिहिलं जातं, कारण मराठीत नदी ती आणि आंबा तो. व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींना आपल्याकडे एकच ‘व’, म्हणून ‘वेन्ट’ व्हीनं सुरू होतं. ही यादी तुमच्या वर्गात थोडी वेगळी निघेल. जूनच्या वह्यांतून स्वतः काढा, छापील यादी घेऊ नका.

उतारा

न शिकवलेला उतारा आला की मुलं पहिल्या ओळीपासून भाषांतर करायला बसतात. तिसऱ्या ओळीत एक अनोळखी शब्द येतो आणि गाडी थांबते. मी उलटीकडून शिकवते. आधी प्रश्न वाचायचे, दोनदा. प्रत्येक प्रश्नात काय मागितलंय त्या शब्दाला पेन्सिलीनं गोल करायचा : हू असेल तर माणूस, व्हेअर असेल तर जागा, व्हेन असेल तर वेळ, व्हाय असेल तर कारण, हाऊ मेनी असेल तर आकडा. मग उतारा एकदा न थांबता वाचायचा. दुसऱ्यांदा वाचताना गोलांची उत्तरं शोधायची. अनोळखी शब्दावरून पाणी ओलांडल्यासारखं उडी मारून पुढे जायचं. फार अडलं तर एवढंच विचारायचं : ही वस्तू आहे, क्रिया आहे की गुण? ‘पार्च्ड’ शब्द ठाऊक नसेल, पण मागे उन्हाळा, पुढे पाऊस नाही आणि शेजारी जमीन असेल, तर अर्थाची अर्धी वाट चालून झाली.

सरावाचे उतारे मी स्वतः लिहिते, आणि तुम्हीही लिहावेत असा माझा आग्रह आहे. आठ-दहा ओळींचं काम आहे. मुलांना अर्धी गोष्ट आधीच ठाऊक असली की त्यांचं सगळं लक्ष इंग्रजीवर राहतं. माझा आवडता उतारा टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरचा आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, महात्मा गांधी अध्यक्ष होते, आणि काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एवढ्या एकदाच घेतलं. आलेल्या लोकांना पाणी लागणार म्हणून विहीर खोदली. एवढ्याच मजकुरावर कोण, कुठे, कधी, का, चारही प्रश्न बसतात. दुसरा उतारा मलप्रभेवरचा : कणकुंबीला उगम, खानापुरावरून वाहत पुढे सौंदत्तीजवळच्या धरणात, आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेत. ज्यांच्या गावावरून ती नदी जाते ती मुलं हा उतारा खाली मान घालून वाचत नाहीत, हात वर करतात.

उत्तर लिहिणं हा वेगळा सराव आहे. उतारा समजलेली मुलंसुद्धा इथे गुण घालवतात. ‘व्हेन डिड गांधीजी कम टू बेळगाव?’ याला कोणी नुसतं ‘१९२४’ लिहितं, कोणी अख्खा परिच्छेद उतरवून काढतं, कोणी ‘गांधीजी डिड कम’ लिहितं. मी प्रश्न फळ्यावर लिहून त्यातलं ‘व्हेन’ आणि ‘डिड’ पुसते. पुसलं गेलेलं ‘डिड’ जाता जाता आपला भूतकाळ ‘कम’ला देऊन जातं, त्याचं ‘केम’ होतं. ‘गांधीजी केम टू बेळगाव’ एवढं फळ्यावर उरतं, शेवटी ‘इन १९२४’ जोडायचं. उत्तराचा तीन चतुर्थांश भाग प्रश्नातच असतो, हे मुलांना स्वतःच्या हातानं पुसून कळू द्या. ‘व्हाय’ आलं तर मध्ये ‘बिकॉज’ आलंच पाहिजे.

‘इट’, ‘दे’, ‘हिम’, ‘धिस’ या शब्दांपासून पेन्सिलीचा बाण मागे काढायचा, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्या नावापर्यंत. बाण काढल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. उतारा ‘माय ग्रँडफादर टोल्ड मी’ असा असेल, तर उत्तरात तो ‘हिज ग्रँडफादर टोल्ड हिम’ होतो. अनेक मुलं ‘माय’ तसंच उतरवतात आणि लेखकाचे आजोबा त्यांचे होतात.

सगळ्यांत अवघड प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर ओळीत छापलेलं नसतं. मुलगी पहाटे चारला उठते, दोन किलोमीटर चालते, मग बस धरते, असं उताऱ्यात आहे आणि प्रश्न आहे, ती कशी मुलगी आहे? मुलं ओळीत ‘कशी’ शोधत राहतात. यासाठी मी माणसाच्या स्वभावाचे १२ शब्द पक्के करून घेते : ऑनेस्ट, काइंड, ब्रेव्ह, क्लेव्हर, हार्डवर्किंग, हेल्पफुल, पेशंट, ग्रेटफुल, आणि लेझी, ग्रीडी, प्राउड, केअरलेस. आधी आपल्या ओळखीच्या माणसाला यातला एक शब्द लावायचा आणि ‘बिकॉज’ म्हणून पुरावा द्यायचा. हेच पुढे उताऱ्यात करायचं : शी इज हार्डवर्किंग बिकॉज शी गेट्स अप अ‍ॅट फोर. हे १२ शब्द गोष्टीत, चित्रवर्णनात आणि धड्यांवरच्या उत्तरांतही कामाला येतात.

वर्गाबाहेरचं इंग्रजीही वाचायला लावा. बेळगावच्या बोर्डांवर कन्नड आणि इंग्रजी शेजारी शेजारी असतात. आपली मुलं कन्नड वाचतात, तर एकावरून दुसरं ताडून बघता येतं. बियाण्याची पिशवी, खताचं पोतं, औषधाची बाटली, लोंढा जंक्शनचा फलक, काहीही चालेल. एकदा मुलांनी खताच्या पोत्यांवरच्या सूचना उतरवून आणल्या होत्या. ‘कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन’ या चार शब्दांवर आमचा अर्धा तास छान गेला.

गोष्ट, प्रोफाइल, चित्र, पत्र

मुद्द्यांवरून गोष्ट लिहिताना मुलं मुद्देच ‘अँड’नं शिवून टाकतात : ‘ओल्ड फार्मर अँड फोर सन्स अँड लेझी’. प्रत्येक मुद्द्याखाली आधी फक्त एक क्रियापद भूतकाळात लिहायचं. हॅड, वर (were), फेल (fell), कॉल्ड, सेड, डग. क्रियापदांची माळ आधी ओवली की बाकीचे शब्द आपोआप बसतात. नेहमी लागणारी ३० भूतकाळी रूपं पक्की असली तर कुठलीही गोष्ट भागते.

प्रोफाइलला, म्हणजे दिलेल्या माहितीवरून एखाद्या माणसाची ओळख लिहायच्या प्रश्नाला, साचा चालतो, तिथे पाठांतराला माझी हरकत नाही. वय, उंची, शिक्षण, छंद, प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं : ‘ही इज ४५ इयर्स ओल्ड’, ‘हिज हॉबीज आर’. ‘ही हॅज ४५ इयर्स’ लिहू देऊ नका. चित्राला ‘देअर इज’ आणि ‘देअर आर’नं सुरुवात करून माणसं मोजायची, मग प्रत्येक जण काय करतोय ते ‘आयएनजी’नं सांगायचं, शेवटी जागा आणि वेळ.

पत्रातलं मांडणीचं काम यांत्रिक आहे. पत्ता, तारीख, कोणाला, विषय, मायना, मजकूर, सही, सगळं डाव्या बाजूला एकाखाली एक. प्रश्नात दिलेलं नाव आणि शाळाच वापरायची. स्वतःचं नाव किंवा शाळा पेपरात कुठेही लिहायची नाही, हे दहा वेळा सांगा. मजकुरासाठी मी मुलांना खरं पत्र लिहायला लावते. सकाळी सातची बस गावापर्यंत यावी म्हणून डेपो मॅनेजरना विनंती. किती मुलं आहेत, किती चालावं लागतं, पावसात ओढ्याला पाणी आलं की काय होतं, हे आकडे आणि कारणं त्यांना स्वतःला ठाऊक असतात. दोनदा फळ्यावर जुळवल्यावर ‘वी रिक्वेस्ट यू टू’ हे वाक्य कायमचं बसतं.

निबंध

विषय छापील असतात : प्रदूषण, मोबाईलचे फायदे-तोटे, खेळाचं महत्त्व, वाचन. मुलांचं आयुष्य त्यात दिसत नाही, म्हणून त्यांना वाटतं की हे गाईडातूनच आणायचं. मी एकच अट घालते. प्रत्येक निबंधात स्वतः पाहिलेल्या तीन गोष्टी आल्या पाहिजेत. प्रदूषण आलं, तर मार्कंडेय नदीच्या काठाला काय दिसतं? राजहंसगडावर सहलीला गेलो तेव्हा काय काय पडलेलं होतं? आपल्या गावातल्या विहिरीचं पाणी आजी अजून पिते का? या तीन गोष्टी आधी कोपऱ्यात एकेका शब्दात टिपायच्या. मग तीन परिच्छेद : हे काय आहे, माझ्याभोवती ते कसं दिसतं, काय करता येईल. पहिला आणि तिसरा तीन-तीन वाक्यांचा, मधला सहा वाक्यांचा. १२ वाक्यं झाली, निबंध झाला.

मधला परिच्छेद म्हणजे जूनपासूनची पाच वाक्यांची वहीच. जानेवारीत मी वह्या पुन्हा उघडायला लावते आणि छापील विषयांखाली आपापली जुनी वाक्यं लावायला सांगते. म्हशीवर लिहिलेलं ‘माझा छंद’मध्ये जातं, पावसात शाळा बंद राहिली त्यावर लिहिलेलं ‘पर्यावरण’मध्ये. मुलांना तेव्हा कळतं की आपल्याकडे साठा आहे.

मोठी, सुशोभित वाक्यं पाठ करवून घेण्याला माझा विरोध आहे. सोन्याच्या नथीसारखं एक वाक्य आणि त्याच्यापुढे ‘शी गो’ची पडझड, हे तपासणाऱ्याला लगेच दिसतं. छोटं, बरोबर, स्वतःचं वाक्य लिहू द्या.

वर्षाचा हिशेब, आणि घरचे

आपल्या भागात वर्ष सरळ जात नाही. जून-जुलैत अतिवृष्टीच्या सुट्ट्या लागतात, लावणीला मुलं घरी राहतात, मग गणपती, नोव्हेंबरात सुगी, आणि ऐन परीक्षेच्या आसपास कुठल्या तरी गावची लक्ष्मीची जत्रा, घर पाहुण्यांनी भरलेलं. म्हणून मी मोठे पाठ ठेवत नाही. १० मिनिटांची वही सुगीच्या दिवसांतही घरी लिहिता येते. बोटं आणि वही गणपतीपर्यंत, उतारे आणि गोष्ट दिवाळीपर्यंत, पत्र आणि निबंध डिसेंबर-जानेवारीत. कर्नाटक शाळा परीक्षा मंडळाच्या मॉडेल पेपरांवर वेळ लावून सराव फेब्रुवारीत. प्रश्नांची रचना दर वर्षी त्याच वर्षाच्या मॉडेल पेपरवरून बघून घ्या, भावाच्या जुन्या पेपरवरून नको.

घरच्यांना इंग्रजी येत नसलं तरी मुलाची वही ऐकता येते. रात्री जेवणानंतर पाच वाक्यं मोठ्यानं वाचायला लावा आणि मराठीत सांगायला लावा. मूल मराठीत सांगताना अडखळलं तर ते वाक्य त्याचं नाही, कुठून तरी उतरवलेलं आहे, हे तुम्हालाही ओळखता येईल. त्याला रागावू नका. “मग तुझं काय म्हणणं?” एवढं विचारा. आमच्या एका मुलीची आई कधी शाळेत गेली नाही, पण रोज हा प्रश्न विचारायची. ती मुलगी आज बेळगावात नर्सिंग करते.

२०२४ पासून मंडळ वर्षातून एकाहून जास्त परीक्षा घेतं. पहिल्यांदा राहिलं तरी त्याच वर्षी पुन्हा बसता येतं, हे घरात आधीच बोलून ठेवा. भीतीनं थरथरणाऱ्या हातातून मुलाला येत असलेलं वाक्यसुद्धा उतरत नाही.

पेपरच्या दिवशी

प्रश्नपत्रिका वाचायला १५ मिनिटं मिळतात. त्यात उताऱ्याचे प्रश्न, पत्राचे दोन पर्याय आणि निबंधाचे विषय वाचून पर्याय तिथेच ठरवायचे. नंतर बदलायचे नाहीत. एक-एक गुणाचे प्रश्न झाले की मी मुलांना थेट उताऱ्याकडे आणि पत्राकडे जायला सांगते, हात आणि डोकं ताजं असताना. मोठ्या धड्यांची उत्तरं मागाहून. प्रश्नाचा नंबर मात्र न चुकता लिहायचा. निबंधाला २० मिनिटं, त्यातली पहिली तीन कोपऱ्यातल्या टिपणाला.

शेवटची १० मिनिटं राखायची आणि सगळं पुन्हा वाचत बसायचं नाही. तीनदा बोट फिरवायचं. पहिल्या फेरीत प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी पूर्णविराम. दुसऱ्या फेरीत ‘ही’, ‘शी’, ‘इट’पुढच्या तर्जनीला अंगठी आहे का. तिसऱ्या फेरीत गोष्टीतली क्रियापदं भूतकाळात आहेत का. गेल्या वर्षी हॉलमधून बाहेर पडलेली एक मुलगी मला दारातच म्हणाली, “बाई, तिसऱ्या फेरीत चार सापडले.” मी तिला पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासाला घरी पाठवलं.